फाल्गुन-चैत्रातली पागा : हैदराबाद परिसरातील अश्वपालकांसाठी

होळी पेटते तेव्हाच हैदराबादचा वसंत निम्मा सरलेला असतो. मार्चअखेरीस पारा 36 अंशांच्या आसपास जातो आणि एप्रिलमध्ये दुपारची झळ सोसवत नाही. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते. तिचे ऋतुचक्र उजेडावर चालते, पावसावर किंवा चाऱ्यावर नाही. वर्षभराचा हिशोब या सहा-आठ आठवड्यांतच ठरतो. मोईनाबाद, चेवेल्ला, शंकरपल्लीकडे दोन-चार घोड्या राखून शिंगरे घेणाऱ्या घरांसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या गाई-म्हशी होत्या आणि घोडी नंतर आली, त्यांनी ते विशेष लक्ष देऊन वाचावे. लहान पागेतली बरीच शिंगरे निष्काळजीपणामुळे जात नाहीत, घोडीला म्हशीसारखे सांभाळल्यामुळे जातात.

दिवस उजाडण्यापूर्वी सुरू करा. सर्वांत आधी पाणी द्या. दूध पाजणारी घोडी या दिवसांत 40 ते 60 लिटर पाणी सहज पिते. टाकी उन्हात तापली असेल तर ती पाणी पिण्याचे टाळते आणि दोन दिवसांत पोटशुळाने लोळू लागते. खरारा करताना पायांवरून हात फिरवा, खूर उचलून पाहा, मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड चाचपा. गुदद्वारात थर्मामीटर लावण्याची सवय ठेवा. मोठ्या जनावराचे तापमान 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेले तर तो ताप समजावा. व्यायाम, फिरवणे, वळू दाखवणे ही सगळी कामे सकाळी आठच्या आत उरका.

आता वैरण. म्हशीला मानवणारी हिरवी वैरण घोडीला मानवेलच असे नाही. उन्हाळी पाण्यावर काढलेली हिरवी चारा-ज्वारी आणि सुदान गवत सतत खाल्ल्याने घोड्याचे मूत्राशय निकामी होते, मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी ठिबकत राहते. नुकती गाभण राहिलेली घोडी अशा रानात चरली तर शिंगरू सांधे जखडलेले जन्मू शकते. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारच कमी असतो, म्हणून कडबा खुशाल द्या, पण बुरशीचा एकही पेंढा पागेत येऊ देऊ नका. संकरित नेपियरचे दुखणे वेगळे. त्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातला चुना बांधून ठेवते. जोडीला रोज गव्हाचा कोंडा घातला, तर त्यातल्या जादा स्फुरदामुळे हाडांतला चुना ओढला जातो. मग चेहऱ्याची हाडे सुजतात आणि घोडी जागा बदलून लंगडते. नेपियरखेरीज दुसरी सोय नसेल तर रोज लसूणघास हवाच, आणि चुनखडीच्या भुकटीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. हरळी मिळाली तर तिच्यासारखी वैरण नाही. बांधावरची हरळी लोक तण म्हणून उपटून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते.

चंदीला कुळीथ किंवा हरभरा आपल्याकडे जुनाच आहे. तो रात्रभर भिजवून द्या. साडेतीनशे किलोच्या दूध पाजणाऱ्या घोडीला दिवसाची तीन किलो चंदी तीन तोबऱ्यांत विभागून द्या, एका वेळी पाटीभर ओतू नका. मका वापरत असाल तर दाणा फोडून पाहा. काळपट, गुलाबीसर बुरशी आलेला मका घोड्याचा मेंदू अक्षरशः वितळवतो आणि त्यावर इलाज नाही. आणखी एक गोष्ट मी बजावून सांगतो. हैदराबादभोवती कुक्कुटपालन मोठे आहे. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. त्या खाद्याची थोडी मात्राही घोड्याचे हृदय बंद पाडू शकते. अशी पोती घोड्यांच्या खाद्याशेजारी ठेवू नका, आणि त्यांचे रिकामे बारदानही चंदीसाठी वापरू नका.

मुरमाड जमिनीवर वैरण टाकली की घोडी तिच्याबरोबर वाळू गिळते. ती पोटात साठते आणि कडक उन्हात पोटशूळ उठतो. गव्हाण करा, निदान जुनी ताडपत्री तरी अंथरा.

घोडी सुमारे 11 महिने, म्हणजे 335 ते 345 दिवस गाभण राहते. विण्याच्या महिना-दीड महिना आधी धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर टोचून घ्या. धनुर्वाताला घोड्याइतके हळवे जनावर आपल्या गोठ्यात दुसरे नाही. सडांच्या टोकावर मेणासारखे थेंब दिसले की साधारण एक-दोन दिवसांत वेण लागते. ती बहुधा रात्रीच लागते, म्हणून घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आले पाहिजे. आधी निळसर पांढरा पडदा दिसतो, तो ठीक. त्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी पुढे आली तर डॉक्टरांची वाट पाहू नका. ती तत्काळ फाडा आणि कळ येईल तसे शिंगराला घोडीच्या खुरांच्या दिशेने, खाली ओढा. वार आधीच सुटलेली असते, शिंगराचा श्वास कोंडत असतो. नाळ कापू नका, घोडी उठली की ती आपोआप तुटते. मग बेंबी 0.5 टक्के क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवा.

तासाभरात शिंगरू उभे राहिले पाहिजे, दोन तासांत प्यायले पाहिजे आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. एवढे तरी दारावर खडूने लिहून ठेवा. गाय-म्हशीच्या घरात वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. तो प्रकार शिंगराचा जीव घेतो. आईच्या पोटात असताना त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळतच नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि 24 तासांनंतर त्याचे आतडे ती शोषूच शकत नाही. पहिल्या सहा तासांत एक-दीड लिटर चीक पोटात गेला पाहिजे. म्हशीची वार बारा तास अडकली तरी आपण फार घाबरत नाही. घोडीची तीन तासांवर राहिली तर गर्भाशयात विष पसरते आणि खूर उतरतात. ती ओढू नका, तिला दगड बांधू नका. घोडीच्या पायाखाली येऊ नये म्हणून गाठ मारून वर बांधा आणि राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांना कळवा. पडलेली वार बादलीत झाकून ठेवा, म्हणजे तुकडा आत राहिला का ते डॉक्टरांना पाहता येईल.

व्याल्यानंतर सात ते दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. याच सुमारास शिंगराला पातळ हगवण लागते. ते उड्या मारत असेल, पीत असेल तर घाबरू नका. विताना जखम झाली असेल किंवा वार अडकली असेल, तर हा माज सोडून द्या. मग 21 दिवसांच्या चक्रात पुढचा धरा. घाई का करायची, हे तारखांवरून कळेल. 15 एप्रिलला फळलेली घोडी पुढच्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात विते. 1 जूनला फळलेली मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, ऐन भट्टीत. माझे मत स्पष्ट आहे : मे महिन्यात घोडी फळवू नका. एक वर्ष रिकामे गेलेले परवडते. फळल्यावर 14 ते 16 दिवसांत सोनोग्राफी करून घ्या. जुळे असेल तर डॉक्टर त्यातला एक गर्भ याच दिवसांत काढू शकतात. घोडीचे जुळे बहुधा दोन्ही जातात, कधी घोडीलाही घेऊन जातात.

नवीन घोडी आणायची तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा हैदराबादकरांना जवळची आहे. भीमेच्या खोऱ्यातली, धनगरांच्या तांड्यांबरोबर चालत आलेली भीमथडी जात आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. दख्खनच्या मुरमावर आणि उन्हात टिकणारी घोडी हवी असेल तर तिचा जरूर विचार करा, उंची आणि रंगावर भाळू नका. जात कोणतीही असो, ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय सौदा करू नका. 2006 मध्ये हा रोग पुणे आणि पाचगणीत उफाळला होता. तो माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने ठार करावे लागते. नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधा. त्याची बादली, खरारा, तोबरा आणि मोतद्दारही वेगळा हवा. नाकातून चिकट पू किंवा पायावर गाठींची माळ दिसली, तर हातमोज्याशिवाय हात लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्या.