पिशवी काढायची तारीख ठरली होती

द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत परकरावर डाग दिसला. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. उष्णता वाढली असेल म्हणत मी तो धुऊन टाकला. त्याआधीही नवऱ्याजवळ गेल्यावर थोडं रक्त दिसायचं, अंगावरून वासाचं पाणी जायचं. पण हे सांगायचं कुणाला? दिंडोरीकडची आमची बाग, माल उतरू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता मार्च उजाडला. तोवर कंबरही धरली होती.

नाशिकच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "छोटी गाठ आहे, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." आतून तपासलं नाही. आम्हीही लगेच हो म्हणालो, कारण आमच्या भावकीत चाळिशीतच पिशवी काढलेल्या कितीतरी बायका आहेत. मंगळवार ठरला. माझी नणंद सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिला फोनवर सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "वहिनी, तुकडा तपासलाय का?"

तपासला नव्हता. बायोप्सीत निघालं, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, दुसरा टप्पा, बाजूला सरकलेला.

पहिल्या टप्प्यात लहान गाठ असेल तर मोठं ऑपरेशन करता येतं, तेही कॅन्सरच्या सर्जनने, कारण आजूबाजूचा भाग आणि लसिका गाठी काढाव्या लागतात. माझ्या टप्प्याला इलाज शेकाचा. रेडिएशनला आम्ही बायका शेकच म्हणायचो. पाच आठवडे बाहेरून शेक, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची सलाईन, आणि शेवटी आतून शेक. त्यासाठी पिशवीत बारीक नळी ठेवतात. त्या मंगळवारी पिशवी गेली असती, तर नळी ठेवायची जागाच गेली असती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा माझे हात गार पडले. शेक सुरू झाल्यावर जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली, पाणी पी-पी म्हणून नणंद मागे लागायची. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले योजनेतून निघाला. त्यासाठी रेशनकार्ड पहिल्याच दिवशी सोबत न्या.

पाळी गेल्यावरचा एक थेंबही दाखवा. तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचाही असू शकतो. तिथे पिशवी काढणं हाच मुख्य इलाज असतो, पण तिथेही तुकडा आधी. अंडाशयाचा मात्र फसवा. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि बाई महिनोन्‌महिने गॅसच्या गोळ्या खात राहते. हे रोजचंच झालं असेल तर सोनोग्राफी करा.

आपल्याच राज्यात, धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी 1 लाख 30 हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2009 साली छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच! तिशी उलटली की ही तपासणी मागून घ्या, लाजू नका. मुलींसाठी या विषाणूवर लस आहे, 9 ते 14 वयात घेतलेली सगळ्यात चांगली. पुण्याच्या सीरमचीही आहे.

परवा धाकट्या जावेने हळूच सांगितलं, तिला संबंधानंतर रक्त दिसतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि नणंदेला फोन लावला. उद्या सकाळी आम्ही तिघी निघतोय.