रेफरची चिठ्ठी धड हवी

सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की गळकं छत, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा हेच बोललं जातं. त्यात खोटं काही नाही. पण आमच्या घरावर वेळ आली तेव्हा डॉक्टर हजर होते, औषध शिल्लक होतं आणि गाडीही वेळेत आली. तरीही उपचाराचा धागा तुटला, आणि तो तुटला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाताना. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितो आहे.

भातकापणीचे दिवस होते. माझे मोठे काका, आमचे आप्पा, तिन्हीसांजेला भारे उचलत असताना त्यांना घोणस चावली. पाय सुजायला लागला. दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, हे आशाताईंनी पावसाळ्यापूर्वी वाडीत येऊन बजावलं होतं. त्यामुळे पाय फळीला बांधून स्थिर ठेवला आणि रिक्षाने थेट ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी करून पाहिली, तर रक्त गोठलेलं नव्हतं. त्यांनी लगेच सलाईनमधून सर्पदंशाची लस सुरू केली. ते डॉक्टर आणि रात्रभर हलल्या नाहीत त्या सिस्टर यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पहाटेपर्यंत लघवी अगदी कमी झाली, तिचा रंगही गडद झाला. आप्पांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचं ठरलं आणि 108ची गाडी आली. काकूंच्या हातात एक चिठ्ठी दिली गेली. तिच्यावर नाव, वय, ‘सर्पदंश, पुढील उपचारासाठी’ एवढा मजकूर, सही आणि शिक्का होता.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “काकू, तिकडे लशीच्या वायल किती दिल्या? पहिली किती वाजता सुरू केली?” काकू म्हणाल्या, “बाटल्या बदलत होत्या हो, दोन-तीनदा.” त्या सलाईनच्या बाटल्यांबद्दल बोलत होत्या, लशीच्या छोट्या कुप्यांबद्दल, म्हणजे वायलबद्दल, नाही. डॉक्टरांनी आधीच्या रुग्णालयात फोन लावला. तिथली ड्युटी बदललेली होती आणि केसपेपर कुणाला सापडत नव्हता. शेवटी त्यांनी रक्ताच्या चाचणीपासून सगळं पुन्हा सुरू केलं. पुढे आप्पांना काही काळ डायलिसिसवर ठेवावं लागलं. मूत्रपिंडं सावरली आणि ते घरी आले. डायलिसिसची वेळ त्या अर्धवट चिठ्ठीमुळे आली, असं मी म्हणणार नाही, कारण घोणशीचं विष मुळातच मूत्रपिंडांना इजा करू शकतं. मात्र ज्या घटकेला पुढचा निर्णय व्हायला हवा होता, ती घटका मागचं शोधण्यात गेली.

ती माहिती एवढी का लागते

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नसते. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी पहिला डोस साधारण दहा वायलचा असतो, आणि मुलांनाही तो तेवढाच द्यावा लागतो, कारण लस अंगात शिरलेल्या विषाच्या हिशेबाने असते, वजनाच्या नाही. डोस दिल्यावर सहा तासांनी रक्ताची तीच चाचणी पुन्हा करायची आणि रक्त अजून गोठत नसेल तर पुढचा डोस द्यायचा. आता पहिला डोस कधी आणि किती दिला हेच ठाऊक नसेल, तर सहा तास कुठून मोजायचे? लशीची ॲलर्जी होऊन रुग्णाचा रक्तदाब एकदम घसरू शकतो. तसं आधी झालं असेल तर पुढच्या डॉक्टरला ते कळलंच पाहिजे.

आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसं दगावतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. त्यातली बरीचशी खेड्यातली, शेतात राबणारी. 2030पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट केंद्र सरकारने 2024च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवलं आहे. त्यासाठी लस गावाजवळ मिळायला हवी, आणि रुग्ण पुढे जाताना त्याच्या उपचाराचा हिशेबही त्याच्याबरोबर जायला हवा.

नोंदीचं मोल रायगड जिल्ह्याने पाहिलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाच्या रुग्णांमध्ये काय काय बदलत जातं, ते त्यांनी बारकाईने टिपलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि त्याने असंख्य जीव वाचले. लहानशा केंद्रातली ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आली.

नातेवाइकांनी काय करावं

रुग्णाबरोबर असलेल्यांपैकी एकाने लिहिण्याचं काम घ्यावं. साप चावल्याची वेळ, दवाखान्यात पोचल्याची वेळ, कोणतं इंजेक्शन किती वाजता सुरू झालं, लघवी शेवटची कधी आणि किती झाली, एवढं टिपून ठेवावं. लशीच्या किती वायल फोडल्या, हे सिस्टरांना तेव्हाच नम्रपणे विचारावं.

रेफर केलं की गाडीत चढण्याआधी चिठ्ठी वाचावी. तिच्यात औषधं, मात्रा आणि वेळ नसेल तर “डॉक्टर, एवढं लिहून द्या, पुढे विचारतील” असं म्हणावं. केसपेपरचा मोबाईलवर फोटो मागावा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आपल्या उपचारांची कागदपत्रं मिळण्याचा हक्क नोंदलेला आहे. त्यामुळे हे मागताना संकोच बाळगू नये आणि आवाजही चढवू नये. रात्रपाळीला एकट्या सिस्टर पूर्ण वॉर्ड सांभाळत असतात. त्यांच्यावर ओरडून कागद लवकर होत नाही, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण मात्र मागे पडतो.

पैशाच्या धास्तीने उशीर करू नये. 15 ऑगस्ट 2023पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

रुग्णालयाने आणि गावाने काय करावं

आप्पा बरे झाल्यावर आम्ही वाडीतली काही माणसं आणि आशाताई मिळून ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटलो. तक्रारीचा अर्ज नेला नाही, कोऱ्या चिठ्ठीचा नमुना नेला. अर्ध्या पानावर छापलेले रकाने: आल्याची वेळ, वीस मिनिटांच्या चाचणीचा निकाल, लशीच्या वायल आणि सुरू केल्याची वेळ, ॲलर्जी आली का, लघवीचं प्रमाण, पुढे कोणत्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, आणि ज्यांना परत फोन करता येईल त्यांचा नंबर. त्यांनी तो नीट वाचला, त्यात आपल्या अनुभवाने भर घातली आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवला. छपाईला अबंधित निधीतले थोडे पैसे पुरले. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. गरोदर बाई पुढे पाठवताना, हृदयविकाराचा रुग्ण पाठवतानाही असाच कागद लागतो. फक्त रकाने बदलतात.

दुसरी गोष्ट फोनची. रुग्ण निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला कळवलं, तर तिथे खाट आणि डायलिसिसची सोय आहे का ते आधीच समजतं. तिसरी गोष्ट काचेच्या नळीची. रक्ताच्या त्या चाचणीला यंत्र लागत नाही, पण नळी काचेचीच, कोरडी आणि नवी हवी; प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचा निकाल देते. अशा नळ्या प्रत्येक केंद्रात असणं मुळीच अवघड नाही.

महाराष्ट्रात 2007 पासून पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. जनसुनवाईत गावकरी आणि अधिकारी समोरासमोर बसू लागले. त्या कामाने दाखवून दिलं की लोक नेमकं विचारतात तेव्हा यंत्रणा हलते. ‘दवाखाना सुधारा’ म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. ‘चिठ्ठीवर वेळ लिहा’ म्हटलं की ते कुणी करायचं, हे लगेच ठरतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. यंदा पेरणीच्या आधी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन तीनच प्रश्न विचारा: लशीच्या वायल किती शिल्लक आहेत, काचेच्या नळ्या आहेत का, आणि रेफरच्या चिठ्ठीवर वेळ आणि मात्रा लिहायचा रकाना आहे का. उत्तर ‘नाही’ आलं तर नमुना करून द्या, समितीच्या बैठकीत विषय मांडा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारा.