दूरनियंत्रक आणि दर्शकपट

होम थिएटरच्या संचामध्ये प्रोसेसर हे मध्यवर्ती उपकरण होय. सेट-टॉप बॉक्स, चकतीवादक, संगणक अशा निरनिराळ्या उगमांकडून येणारे संकेत तो स्वीकारतो, त्यांतील ध्वनीचे प्रवाह वेगळे करतो आणि प्रत्येक प्रवाह योग्य त्या ध्वनिक्षेपकाकडे पोहोचेल अशी व्यवस्था करतो. पाच मुख्य ध्वनिक्षेपक आणि केवळ खर्जासाठी एक, अशी ‘5.1’ या आकड्याने ओळखली जाणारी रचना बहुतेकांच्या परिचयाची आहे. एवढे काम करणाऱ्या या यंत्राशी माणसाचा संबंध मात्र दोनच वस्तूंच्या द्वारे येतो. एक, हातातील दूरनियंत्रक, ज्याला आपण बोलताना रिमोट म्हणतो. आणि दुसरी, यंत्राच्या दर्शनी बाजूवरील दर्शकपट. पहिल्याने आपण आज्ञा देतो. त्या आज्ञेचे पुढे काय झाले हे दुसऱ्यावरून कळते. या दोहोंची सांगड घालता न आल्यामुळेच घरोघरी पुष्कळसा गोंधळ होतो.

आज्ञेचा प्रवास

दूरनियंत्रकाचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेतील शिकागो येथील झेनिथ कंपनीने 1950 मध्ये ‘लेझी बोन्स’ या नावाचा नियंत्रक विक्रीस आणला. तो तारेने दूरचित्रवाणी संचाला जोडलेला असे, आणि जमिनीवर लोळणाऱ्या त्या तारेत माणसांचे पाय अडकत. 1955 मध्ये याच कंपनीतील युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशसंवेदी घट बसविलेले असत. पण खिडकीतून येणारे ऊन या घटांवर पडले, तरी संच ती आज्ञाच समजे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांच्या ‘स्पेस कमांड’ने हा दोष दूर केला. त्यात कळ दाबताच एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि मानवी कानाला ऐकू न येणारा उच्च कंप्रतेचा ध्वनी निर्माण होई. त्यासाठी विजेच्या घटाचीही गरज नव्हती. 1980 च्या दशकात या पद्धतीची जागा अवरक्त किरणांनी घेतली.

आजही बहुतेक दूरनियंत्रक अवरक्त किरणांवरच चालतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यासमोर दूरनियंत्रक धरून कळ दाबली असता पुष्कळदा फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. घट संपले आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याचा हा सोपा उपाय आहे. त्या लुकलुकण्यात एक सांकेतिक लिपी असते. जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रचलित पद्धतीत किरणांचे स्पंदन सेकंदाला 38,000 वेळा होते. प्रत्येक संदेशात प्रथम कोणत्या यंत्रासाठी आज्ञा आहे ते, आणि नंतर कोणती आज्ञा आहे ते सांगितलेले असते. दोन्ही गोष्टी उलट्या रूपात पुन्हा पाठविल्या जातात, म्हणजे ग्राहकाला चूक ओळखता यावी. हे सर्व सुमारे 68 मिलिसेकंदांत पार पडते.

मात्र हा संवाद एकतर्फी आहे. दूरनियंत्रक फक्त बोलतो, ऐकत नाही. आज्ञा पोहोचली की वाटेतल्या उशीने अडविली, हे त्याला समजण्याचा मार्ग नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ यांसाठी एकच कळ असली, तर अडचण अधिकच वाढते. एका कळीने तीन यंत्रे सुरू करणारी योजना केलेली असताना एखादे यंत्र आधीच चालू असले, तर नेमके तेच बंद होते. म्हणून ज्या यंत्रांत ‘चालू’ व ‘बंद’ यांचे संकेत स्वतंत्र असतात, तेथे तेच वापरावेत.

दर्शकपट कसा वाचावा

पुष्कळ प्रोसेसरांवर निळसर-हिरव्या प्रकाशाची अक्षरे दिसतात. हा निर्वात नळीतील प्रतिदीप्तीचा दर्शकपट होय. 1960 च्या दशकात जपानमध्ये त्याचा विकास झाला. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याचे तेज कमी होते, म्हणून तो मंद करण्याची सोय दिलेली असते. मंद केलेला किंवा पूर्ण मिटविलेला दर्शकपट पाहून यंत्र बिघडले असा पुष्कळांचा समज होतो.

दर्शकपटावर चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. यंत्र चालू आहे काय? कोणता उगम निवडला आहे? त्या उगमाकडून कोणत्या प्रकारचा संकेत येत आहे? आणि आवाजाची पातळी किती आहे? तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. येणारा संकेत आणि त्यावर प्रोसेसरने केलेला संस्कार या भिन्न बाबी आहेत. संकेत दोनच प्रवाहांचा असला, तरी त्यातून पाच ध्वनिक्षेपकांसाठी आवाज घडविता येतो. पण म्हणून मूळ ध्वनिमुद्रण पाच प्रवाहांचे ठरत नाही.

ऋण चिन्हाचा अर्थ

आवाजाची पातळी पुष्कळदा ‘−30’ अशी ऋण आकड्यात दाखविलेली असते. येथे शून्य म्हणजे शांतता नव्हे. संचाची जुळणी योग्य झाली असल्यास शून्य ही चित्रपटगृहातील प्रमाण पातळी होय, आणि त्याखालील प्रत्येक आकडा तिच्यापेक्षा किती डेसिबल कमी ते सांगतो. पातळी 10 डेसिबलने वाढविली म्हणजे ध्वनिक्षेपकाला मिळणारी शक्ती दहापट होते. कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पटच वाटतो.

आता असे समजा, की चित्र दिसत आहे पण आवाज येत नाही. घरातील माणूस पातळी ‘−40’ पासून ‘−10’ पर्यंत नेतो, तरीही शांतता. खरे कारण चुकीचा उगम हे असते. ते लक्षात येऊन उगम बदलताच 30 डेसिबल अधिक, म्हणजे हजारपट शक्तीचा आवाज एकदम उसळतो. त्याने ध्वनिक्षेपक फाटू शकतो आणि जवळ बसलेल्या मुलाच्या किंवा वृद्धाच्या कानांना इजाही होऊ शकते. म्हणून आवाज येत नसेल तेव्हा पातळी वाढवू नये. ती आधी उतरवावी आणि मग वरील चार प्रश्न क्रमाने तपासावेत.

आसनावरून करावयाची जुळणी

प्रत्येक ध्वनिक्षेपक श्रोत्यापासून किती दूर आहे, याची नोंद बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील यादीत करावी लागते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे एका मीटरला त्याला जवळजवळ 3 मिलिसेकंद लागतात. पुढचा ध्वनिक्षेपक 3 मीटरवर आणि मागचा दीड मीटरवर असेल, तर प्रोसेसर मागचा आवाज साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास रोखून धरतो. त्यानंतर प्रत्येक ध्वनिक्षेपकातून चाचणीचा खरखराट सोडून सर्वांची पातळी समान करावी. हे काम यंत्राजवळ उभे राहून होत नाही. जेथे बसून ऐकावयाचे तेथूनच ते करावे लागते. दूरनियंत्रकाची खरी उपयुक्तता येथे प्रत्ययास येते.

जुळणी पूर्ण झाल्यावर नेहमीच्या उगमांची नावे आणि घरातील सर्वांना सोसेल अशी पातळी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राजवळ ठेवावी. दर्शकपटावरील बारीक अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांनाही मग कोणाच्या मदतीवाचून संच चालविता येईल.