वेग आणि वळण : कुनिमित्सु ताकाहाशी यांचें चरित्र



गेल्या श्रावणांतली गोष्ट. वरच्या वर्गांत वर्तुळाकार गतीचा पाठ चालला होता. बाहेर लोणावळ्याचा नेहमींचा पाऊस कोसळत होता आणि नागफणीचें टोंक धुक्यांत पार बुडून गेलें होतें. इतक्यांत शेवटच्या बांकावरून एक हात वर झाला. ज्याचा तो हात, त्याचा उजवा पाय प्लॅस्टरमध्यें होता व कुबड्या भिंतीस टेकलेल्या होत्या. आषाढांत चुलत भावाची मोटारसायकल घेऊन हा विद्यार्थी घाटाच्या वळणावर घसरला होता, हें सर्वांस ठाऊक होतें. त्यानें विचारलें, "सर, मोटारसायकलच्या शर्यतींत उतरावयाचें तर काय शिकावें लागतें?"

वर्ग हंसला. त्यास रागें भरावें असें क्षणभर माझ्या मनांत आलें. परंतु पाय मोडला तरी ज्याची ओढ मोडली नाहीं, त्यास रागावून काय साधणार? प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तर मजजवळ तयार नव्हतें. "शाळेच्या वार्षिकांत उत्तर देईन," असें मीं त्यास वचन दिलें. तें वचन पुरें करण्यासाठीं एका जपानी स्वाराचें चरित्र येथें सांगत आहें.

कुनिमित्सु ताकाहाशी यांचा जन्म टोकियोच्या परिसरांतील कोगानेइ येथें २९ जानेवारी १९४० रोजीं झाला. ते पांच वर्षांचे असतांना दुसरें महायुद्ध संपलें. जपानांतील शहरें बेचिराख झालीं होतीं आणि खाण्यापिण्याचेही हाल होते. अशा दिवसांत सोइचिरो होंडा नांवाच्या एका लोहाराच्या मुलानें सैन्याच्या कामांतून उरलेलीं लहान इंजिनें मिळवून तीं सायकलींस बसविण्याचा उद्योग १९४६ सालीं आरंभिला. दोनच वर्षांनीं, १९४८ सालीं, त्यांनीं हामामात्सु शहरीं आपली कंपनी स्थापन केली. आज आपल्या गल्लोगल्लीं जें नांव वाचावयास मिळतें, त्याचें मूळ हें असें एका सायकलींत आहे.

१९५४ सालीं होंडा यांनीं जाहीर प्रतिज्ञा केली, कीं आयरिश समुद्रांतील आइल ऑफ मॅन बेटावर जी जगप्रसिद्ध शर्यत होते, तींत आपलीं यंत्रें उतरतील. कंपनी तेव्हां लहान होती व पैशाची ओढाताण होती. प्रतिज्ञा पुरी होण्यास पांच वर्षें लागलीं. १९५९ सालीं होंडाचे स्वार त्या बेटावर प्रथम उतरले. १२५ घन सेंटिमीटरच्या वर्गांत नाओमी तानिगुचि यांस सहावा क्रमांक मिळाला व संघास सांघिक पारितोषिक लाभलें. जिंकणें दूरच होतें. पण परतीच्या प्रवासांत सोबत नेण्यासारखें पुष्कळ कांहीं मिळालें होतें, आणि तें म्हणजे आपण कोठें कमी पडलों याचें ज्ञान.

या काळांत तरुण ताकाहाशी आपल्या देशांतच स्वारी शिकत होते. सुझुका येथील पक्का शर्यतपथ १९६२ सालीं तयार झाला. तत्पूर्वीं असामा नांवाच्या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशीं, राखेच्या व खडीच्या वाटेवर शर्यती होत असत. चाक घसरावयाचें, धुळीनें पुढचें दिसावयाचें नाहीं, आणि तरीही गाडी तोलून धरावयाची, अशी ती शाळा होती. तेथें नांव मिळविल्यावर ताकाहाशी होंडाच्या संघांत आले आणि १९६० सालीं युरोपांत जागतिक शर्यतींत उतरूं लागले.

पुढच्याच वर्षीं, १४ मे १९६१ रोजीं, पश्चिम जर्मनींतील हॉकेनहाइम येथें २५० घन सेंटिमीटरच्या वर्गांत जिम रेडमन या कसलेल्या स्वारास मागें टाकून ताकाहाशी पहिले आले. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतील मोटारसायकल शर्यत जिंकणारे ते पहिले जपानी होत. तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस होतें. त्याच वर्षीं उत्तर आयर्लंडांतील अल्स्टरची १२५ च्या वर्गांतील शर्यतही त्यांनीं जिंकली.

ज्या यंत्रावर ते बसले होते, त्याचा थोडा विचार करूं. अडीचशे घन सेंटिमीटर म्हणजे हॉटेलांतील दोन-अडीच कप चहा मावेल इतकी जागा. तेवढ्या जागेचे चार भाग करून चार सिलिंडर केलेले होते, आणि इंजिन मिनिटास सुमारें १४,००० फेरे घेई. म्हणजे सेकंदास सुमारें २३३ फेरे! अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें दोन फेऱ्यांस एकदां ठिणगी पडते. म्हणून एका सेकंदांत एकेका सिलिंडरमध्यें सुमारें ११७ वेळां स्फोट होत असे. "एक" म्हणावयास लागतो तेवढ्या वेळांत हें सर्व घडे. इतक्या नाजूक गणितावर चालणारें यंत्र हाताळणाऱ्यास केवळ धाडस पुरत नाहीं. कान, हात आणि बुद्धि हीं तिन्ही जागीं असावीं लागतात.

१९६२ साल उजाडलें तें यशानेंच. स्पेन व फ्रान्स येथील १२५ च्या वर्गांतील पहिल्या दोन्ही शर्यती ताकाहाशींनीं जिंकल्या. जगज्जेतेपद हाताशीं आलें असें वाटत होतें. तिसरी शर्यत आइल ऑफ मॅन बेटावर होती. तेथील डोंगरी मार्गाची एक फेरी सुमारें ६०.७ किलोमीटरांची, म्हणजे पुण्याहून लोणावळ्यास येण्याएवढी आहे. मार्ग गांवांमधून जातो. दगडी कुंपणें, घरें व खांब अगदीं कडेला आहेत आणि पुढें डोंगराचा चढ आहे. त्या मार्गावर जून महिन्यांत ताकाहाशी पडले व अत्यंत जखमी झाले. जीव वांचला, जगज्जेतेपद गेलें. पुढें ते बरे होऊन पुन्हा शर्यतींत आले, परंतु दुचाकीच्या जागतिक शर्यतींत पहिला क्रमांक त्यांस पुन्हा कधींही लाभला नाहीं. चार विजय मिळाले, ते सर्व या अपघाताच्या आधींचे.

आतां आपल्या अर्धवट राहिलेल्या पाठाकडे वळूं. वळणावर गाडी कां घसरते? सरळ जाणें हा गतिमान वस्तूचा स्वभाव आहे. तिला वळवावयाचें तर आंतल्या बाजूस ओढणारें बल हवें, आणि रस्त्यावर तें बल केवळ चाक व रस्ता यांच्यामधील घर्षणांतून मिळतें. किती बल लागेल, हें वेगाच्या वर्गावर अवलंबून असतें. वेग दुप्पट केला तर बल चौपट लागतें. तिप्पट केला तर नऊपट.

खोपोलीकडे उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावरील एका वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे असें समजा. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. या वेगानें वळतांना गाडी व स्वार यांच्या वजनाच्या सुमारें एक-तृतीयांश इतकें बल लागतें, आणि तोल राखण्यासाठीं स्वारास सुमारें १९ अंश कलावें लागतें. वेग ताशीं ७२ केला कीं लागणारें बल वजनाहूनही अधिक होतें व कलावें लागतें सुमारें ५४ अंश. आतां रस्ता किती बल देऊं शकतो? चांगल्या कोरड्या रस्त्यावर वजनाच्या सुमारें आठ-दशांश. ओल्या रस्त्यावर त्याच्या निम्मेंच धरावें. हिशेब केला तर असें दिसतें, कीं या वळणावर कोरड्या दिवशीं ताशीं ५५ किलोमीटर ही शेवटची मर्यादा आहे. पावसांत ती ३९ वर येते. त्यांत शेवाळ, पालापाचोळा किंवा ट्रकमधून सांडलेलें ऑइल असेल तर मर्यादा आणखी खालीं येते. ही मर्यादा शूरास वेगळी व भित्र्यास वेगळी नसते. घर्षण कोणाची ओळख ठेवीत नाहीं.

शर्यतींतला स्वार हें गणित जाणतो. त्याच्या वाटेवर समोरून एस. टी. येत नाहीं, गुराखी आपल्या म्हशी घेऊन आडवा जात नाहीं. अंगांत चामड्याचा पोषाख, डोक्यास शिरस्त्राण, प्रत्येक वळणावर पहारेकरी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. इतकें असूनही ताकाहाशी पडले. आपल्या घाटांत यांपैकीं एकही सोय नाहीं, हें ध्यानांत धरा.

अपघातानंतर ताकाहाशींनीं काय केलें? हाच त्यांच्या चरित्राचा उत्तम भाग आहे. १९६५ च्या सुमारास ते दुचाकीवरून चारचाकी मोटारीकडे वळले व नव्यानें शिकूं लागले. १९७७ सालीं फुजी येथील फॉर्म्युला वन शर्यतींत त्यांस नववा क्रमांक मिळाला. १९८५, १९८६, १९८७ आणि १९८९ या चार वर्षीं जपानच्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या मालिकेचें अजिंक्यपद त्यांनीं पटकाविलें. १९९५ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथें, चोवीस तासांच्या शर्यतींत, केइइचि त्सुचिया व आकिरा इइदा या सोबत्यांसह होंडाची मोटार हांकून ते आपल्या वर्गांत पहिले आले. तेव्हां त्यांचें वय पंचावन्न होतें! १९९९ च्या अखेरीस त्यांनीं शर्यती सोडल्या, परंतु शर्यतीचा मार्ग सोडला नाहीं. त्यांनीं स्थापिलेल्या संघानें पुढें २०१८ व २०२० या वर्षीं जपानची सुपर जी. टी. मालिका जिंकली. १६ मार्च २०२२ रोजीं, वयाच्या ब्यांशींव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

बावीस वर्षांच्या तरुणाचा पराक्रम एका वळणावर संपला असतां. तो साठ वर्षें पुढें चालला, कारण त्या तरुणानें वाट बदलण्यांत लाज मानली नाहीं.

येथें मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती लपवून उपदेश करणें खोटेपणाचें होईल. मी पुण्यास कॉलेजांत असतांना मित्राची मोटारसायकल मागून घेतली आणि धाकट्या भावास मागें बसवून पावसांत लोणावळ्यास निघालों. कामशेतच्या अलीकडे एका वळणावर, पुढच्या गाडीस मागें टाकण्याच्या हौसेनें, मीं वेग कमी केला नाहीं. माझ्या कोपरावर एक वण राहिला. माझ्या भावाचा गुडघा मात्र आजतागायत नीट वांकत नाहीं. घरीं आल्यावर वडिलांनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. भावानेंही कधीं दिला नाहीं. तो आजही जिना चढतांना कठड्याचा आधार घेतो, आणि मी त्याच्या मागून चढतों. वर्तुळाकार गतीचें सूत्र मला त्या दिवशींही तोंडपाठ होतें.

पालकांसही नम्रपणें चार शब्द. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळत नाहीं. २०१९ सालीं झालेल्या कायद्यांतील दुरुस्तीप्रमाणें, अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी गेल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु कायद्याच्या भयानें नव्हे, तर मुलाच्या प्रेमानें किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. "एवढ्याशा अंतरास काय होतें?" असें आपण म्हणतों, पण वळण अंतर पाहत नाहीं.

आणि माझ्या त्या विद्यार्थ्यास माझें उत्तर असें आहे: बाळा, तुझी ओढ वाईट नाहीं. या आपल्याच घाटांतून मुंबई-पुणें सायकल शर्यत जाते, आणि घाट प्रथम चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात. पाय बरा झाला कीं आधीं सायकल घे. श्वास, मांड्या व धीर तेथें तयार होतात. मग यंत्र उघडून पुन्हा जोडावयास शीक; आकुर्डी व चाकण येथील कारखाने तुझ्या अंगणांतच आहेत. गणित सोडूं नकोस. अठरा वर्षांचा झालास, परवाना मिळाला आणि ओढ तशीच राहिली, तर चेन्नई व कोइमतूर येथें शर्यतीसाठीं बांधलेले पथ आहेत. तेथें शिक्षकाच्या नजरेखालीं वेगाची हौस पुरी कर. घाटाचा रस्ता मात्र शाळेंत जाणाऱ्या मुलांचा, बाजारास निघालेल्या म्हाताऱ्यांचा आणि तुझी वाट पाहणाऱ्या आईचा आहे. तेथें हळू जा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वळणाची त्रिज्या ३० मीटरऐवजीं १५ मीटर असेल तर ओल्या रस्त्यावर वेगाची मर्यादा किती राहील? ती निम्मी कां होत नाहीं?

२. ताकाहाशी यांच्या चार विजयांचीं स्थळें नकाशांत दाखवा.

३. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर धोक्याचीं वळणें किती आहेत? प्रत्येकाचें कारण लिहा व तो कागद घरांतील गाडी चालविणाऱ्या माणसास वाचून दाखवा.