बोन स्कॅनवरील काळे ठिपके

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या एका भगिनीचे कुटुंबीय बोन स्कॅनची फिल्म घेऊन आमच्याकडे आले. शेजारशेजारच्या तीन बरगड्यांवर एका रेषेत काळे ठिपके उमटले होते, आणि घरातील सर्वांनी धीर सोडला होता. चौकशीअंती समजले की काही आठवड्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. अशी रेषा बहुधा अस्थिभंगाची असते. सीटी स्कॅनने तेच दाखविले.

म्हणून ही तपासणी नेमके काय पाहते, हे येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. स्तनाचा कर्करोग दूरवर पसरतो तेव्हा तो सर्वाधिक वेळा हाडांत, विशेषतः पाठीचा कणा, कटिभाग व बरगड्यांत आढळतो. साध्या क्ष-किरण चित्रात मात्र हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नष्ट होईपर्यंत दोष दिसतोच असे नाही. बोन स्कॅन त्याआधी इशारा देऊ शकतो. १९७१ पासून प्रचारात आलेल्या पद्धतीनुसार टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य फॉस्फेटवर्गीय संयुगाशी जोडून शिरेतून देतात. जेथे हाडाची नवी बांधणी वेगाने चालते तेथे ते अधिक साचते. दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेरा चित्र घेतो. या द्रव्याची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते; भरपूर पाणी प्यायल्यास ते मूत्रावाटे लवकर बाहेर पडते.

अर्थात कॅमेऱ्याला कर्करोग दिसत नाही, हाडाची प्रतिक्रिया दिसते. संधिवात वा जुनी इजा यांचेही ठिपके उमटतात. उलट, केवळ अस्थिमज्जेत असलेला रोग निसटू शकतो. तेथे एमआरआय उपयोगी पडते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ठिपके अधिक गडद झाले, तर तेही कधी हाड भरून येत असल्याचे लक्षण असते. यास्तव जुन्या फिल्म कृपया जपून ठेवाव्यात. तुलनेवाचून निदान अपुरे राहते.

प्रारंभिक अवस्थेतील, कोणतेही लक्षण नसलेल्या रुग्णास या तपासणीची सहसा गरज नसते. "एकदा करूनच टाका" हा आप्तांचा आग्रह आम्ही समजू शकतो, परंतु मानत नाही. मात्र पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती कमी होऊ लागली किंवा लघवी अडली, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.