२० किलोंची बॅग, जास्तीत जास्त नफा

चला, कागद-पेन घ्या. उद्या प्रदर्शनात स्टॉल आहे, बॅगेत २० किलोच मावतात आणि सहा डबे तयार आहेत. डबे सीलबंद, म्हणजे न्यायचा तर अख्खा. सहा डब्यांच्या ६४ जुळण्या हातानेही तपासता येतील, पण ३० डबे झाले की जुळण्या १०७ कोटींवर जातात. म्हणून छोट्या यादीवर हात बसवून घेऊ.

१. प्रत्येक डब्याचं वजन आणि नफा लिहा. पापड ३ किलो, ३६० रुपये. मसाला ५ किलो, ५५०. लाडू ९ किलो, ८५५. लोणचं ८ किलो, ७२०. चकली ७ किलो, ५६०. चिवडा १२ किलो, ९००. वजन डब्यासकट धरा.

२. नफ्याला वजनाने भागा. पापड १२०, मसाला ११०, लाडू ९५, लोणचं ९०, चकली ८०, चिवडा ७५.

३. मोठ्या भागाकारापासून खाली यादी लावा. नुसता नफा बघून लावू नका. चिवडा आणि लोणच्यातच बॅग भरेल आणि हाती १६२० येतील.

४. वरून एकेक डबा भरा, न मावणारा सोडून पुढे जा. पापड, मसाला, लाडू: १७ किलो, १७६५ रुपये.

५. कमाल मर्यादा काढून ठेवा. उरलेल्या ३ किलोंत पुढचं लोणचं तेवढंच मावलं असं धरा: २७० रुपये. १७६५ अधिक २७० म्हणजे २०३५. याच्या वर कुठलीच जुळणी जाणार नाही.

६. शेवटी भरलेल्या डब्यापासून अदलाबदल करून बघा: एक बाहेर, एक आत. लाडू काढले की १२ किलोंची जागा होते, चिवडा बसतो, नफा १८१०. वजन दर वेळी नव्याने मोजा, चूक इथेच होते.

७. नफा वाढतोय तोवर अदलाबदल चालू ठेवा. आता कुठलाही एक डबा बदलून बघा, वाढ नाही. अडकलात! घाबरू नका, हे हमखास होतं.

८. ही जुळणी कागदावर उतरवून ठेवा. पुढे बिघडलं तर परत यायला जागा हवी.

९. चिठ्ठ्या टाकून बॅगेतले दोन डबे काढा. समजा, मसाला आणि चिवडा निघाले.

१०. ते दोन बाजूला ठेवून बॅग पुन्हा भरा. या फेरीत त्यांना आत घेऊ नका, नाहीतर फिरून तिथेच याल. लाडू बसले, मग लोणचं: बरोबर २० किलो, १९३५ रुपये. वा!

११. पायरी ६ पासून पुन्हा करा. ओळीने बऱ्याच फेऱ्यांत वाढ झाली नाही की थांबा आणि लिहिलेल्यांतली सर्वांत चांगली जुळणी उचला.

मोठ्या यादीत हाच आकडा सर्वोत्तम आहे याची खात्री ही रीत देत नाही; मर्यादेपासून किती लांब आहात ते बघून ठरवा. इथे मात्र ६४ जुळण्यांत १९३५ च सर्वांत जास्त आहे.