चुरशीच्या निवडणुकीचे भाकीत : तुलनेचा उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

निवडणूक जाहीर होताच 'इतिहासाची पुनरावृत्ती होणार' अशी विधाने वृत्तपत्रांत वाचावयास मिळतात. असे विधान लिहिताना किंवा वाचताना त्यामागील तुलना ग्राह्य आहे का, हे तपासता आले पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघाच्या आधारे ते पाहू.

मागील निकाल

२००९ : नीलेश राणे (काँग्रेस) यांचा सुरेश प्रभू यांच्यावर ४६,७५० मतांनी विजय.
२०१४ : विनायक राऊत (शिवसेना) यांचा नीलेश राणे यांच्यावर १,५०,०५१ मतांनी विजय.
२०१९ : राऊत यांचा नीलेश राणे यांच्यावर १,७८,३२२ मतांनी विजय.

केवळ हे आकडे पाहणाऱ्याने २०२४ मध्ये राऊत यांच्या विजयाचे भाकीत केले असते. प्रत्यक्षात नारायण राणे (भाजप) ४७,८५८ मतांनी निवडून आले.

विवेचन

भाकीत का चुकले असते? पहिले कारण युतीचे. २०१४ व २०१९ मध्ये राऊत यांना भाजपची साथ होती. २०२४ मध्ये भाजपच प्रतिस्पर्धी होता. शिवसेना फुटली होती आणि राऊत धनुष्यबाणाऐवजी मशाल या चिन्हावर उभे होते. उलट, काँग्रेस आता त्यांच्या आघाडीत होती. राऊत यांची मते ४,५८,०२२ वरून ४,००,६५६ झाली, म्हणजे घट सुमारे ५७ हजारांचीच. मात्र नाव तेच असले, तरी त्यामागील मतदार तेच होते असे मानता येत नाही.

दुसरे कारण, एकूण बेरीज अंतर्गत भेद झाकते. २०२४ मध्ये चिपळूण, रत्नागिरी व राजापूर येथे राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ व सावंतवाडी येथे राणे.

तिसरी बाब सीमांची. मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूर मतदारसंघातून निवडून आले. तथापि हा मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून अस्तित्वात नाही. त्याचे निकाल आजच्या मालिकेत जोडणे सदोष ठरेल.

चौथी बाब, थोड्या उदाहरणांवरून नियम काढू नये. अमेरिकेतील मिसूरी राज्याने १९०४ ते २००४ या काळात १९५६ चा अपवाद वगळता अध्यक्षपदाच्या विजेत्यालाच कौल दिला. २००८ मध्ये तो क्रम खंडित झाला. शंभर वर्षांचा क्रमही जेथे टिकला नाही, तेथे तीन निकालांवर किती विसंबावे?

सारांश

मागील निकाल उत्तर देत नाहीत. काय बदलले, हे विचारावयास शिकवतात. म्हणून 'निश्चित' या शब्दाऐवजी 'अमुक स्थिती कायम राहिल्यास' अशी सशर्त वाक्यरचना योजावी. चुरशीच्या लढतीत हीच भाषा वाचकाशी प्रामाणिक असते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. २०१९ व २०२४ च्या निकालांची तुलना करताना कोणते बदल ध्यानात घ्याल?
२. आपल्या मतदारसंघातील मागील दोन निकालांच्या आधारे दहा ओळींचे सशर्त अनुमान लिहा.